चारशे पंचवीस घोड्यांची गोष्ट : १९७० ची डॉज चॅलेंजर आणि तिची वारसदार

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. प्रश्नोत्तरांतले तीन प्रश्न शेवटी दिले आहेत.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी मला थेटच विचारलं, "इतिहासाच्या व्याख्यानात मोटारी कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण बघा, आपण खापराच्या तुकड्यावरून, नाण्यावरून, तलवारीच्या मुठीवरून एखादा काळ वाचतोच ना? मग विसाव्या शतकाची अमेरिका वाचायची तर मोटारीइतकी बोलकी वस्तू दुसरी कुठली सापडणार? त्यातही मसल कार. कारण या गाडीत त्या देशाची सुबत्ता आहे, तारुण्य आहे, माज आहे आणि त्या सगळ्याचं बिलही आहे.

सुरुवात एका आकड्यापासून करू. ४२५. १९७० साली डॉज कंपनीची चॅलेंजर तुम्ही सर्वांत दांडग्या इंजिनासह मागवलीत, तर कंपनीच्या कागदावर ताकद छापलेली असे : ४२५ हॉर्सपॉवर. पुढे १९७४ मध्ये ती गाडी बंद पडली. २००८ साली त्याच नावाची, जवळपास त्याच चेहऱ्याची गाडी परत आली. तिच्या कागदावरचा आकडा काय होता? ४२५!

मग सदतीस-अडतीस वर्षांत काहीच पुढे गेलं नाही का? तर तसं नाही. हे दोन ४२५ एकमेकांचे कुणी लागत नाहीत. ते वेगळे कसे आणि का, हे समजून घेताना आपल्याला प्रदूषणाचा कायदा, विम्याचे हप्ते, तेलाचं राजकारण, डेट्रॉइटमधले कामगार, सगळ्यांना भेटावं लागतं. म्हणून हा विषय.

मसल कार कशाला म्हणायचं?

साधी व्याख्या सांगतो. मध्यम आकाराची, दोन दारांची, रोजच्या वापरातली गाडी घ्यायची, तिच्यात मोठ्या गाडीचं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन बसवायचं आणि किंमत तरुणाच्या खिशाला परवडेल अशी ठेवायची. युरोपातल्या स्पोर्ट्स कारसारखी वळणावर नाजूकपणे वळणारी गाडी इथे कुणाला नको होती. सरळ रस्ता, दोन सिग्नल आणि मधलं अंतर कोण आधी कापतो, एवढाच सवाल.

या प्रकाराची सुरुवात बहुतेक अभ्यासक १९६४ च्या पॉन्टियॅक जीटीओपासून धरतात. तिची जन्मकथा मजेशीर आहे. जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता, की मध्यम गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टियॅकमध्ये जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. नियम नव्या मॉडेलला लागू होता ना? मग आपण नवं मॉडेल काढायचंच नाही. जुन्या टेम्पेस्ट गाडीवर 'जीटीओ' नावाचं एक जादा पॅकेज द्यायचं आणि त्या पॅकेजमध्ये ३८९ घन इंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन. वरिष्ठांच्या लक्षात येईपर्यंत ऑर्डरी आल्या होत्या. पहिल्याच वर्षी ३२ हजारांवर गाड्या खपल्या. धंदा होतोय म्हटल्यावर नियम कोण बघतो! हे आपल्याकडेही काही वेगळं नाही.

गिऱ्हाईक कोण होतं? दुसऱ्या महायुद्धानंतरची पिढी. १९४६ ते १९६४ या काळात अमेरिकेत साडेसात कोटींहून अधिक मुलं जन्मली. त्यातली पहिली मुलं साठीच्या दशकाच्या मध्यावर अठरा-एकोणीस वर्षांची झाली. कारखान्यात नोकरी मिळत होती, पगार बरा होता, पेट्रोल स्वस्त होतं. फोर्डची मस्टँग एप्रिल १९६४ मध्ये आली आणि तिने दाखवून दिलं, की तरुणांसाठी वेगळी गाडी काढली तर ती लाखांनी खपते. मग सगळेच धावले.

क्रायसलर कंपनीच्या मालकीची डॉज या शर्यतीत उशिरा पोचली. चॅलेंजर बाजारात आली ती १९६९ च्या शरद ऋतूत, १९७० चं मॉडेल म्हणून. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या वाढीला पोचावं आणि जिलबी संपत आलेली असावी, तसं झालं तिचं. पण ज्या गाडीत दालन मुद्दाम इतकं रुंद ठेवलं होतं, की कंपनीचं कुठलंही इंजिन बसावं, अशी ती गाडी होती. साध्या सहा सिलिंडरपासून थेट ४२६ घन इंचांच्या हेमीपर्यंत.

हेमी नावाचा हत्ती

हेमी म्हणजे अर्धगोल. इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण जिथे जळतं, ती जागा अर्ध्या गोळ्याच्या आकाराची केली, की झडपा मोठ्या बसवता येतात आणि त्या समोरासमोर तिरक्या ठेवता येतात. हवा आत यायला आणि धूर बाहेर जायला वाट मोकळी मिळते. ४२६ घन इंच म्हणजे ७ लिटर. आकार आणि वजन बघून लोकांनी त्याला टोपणनावच दिलं, 'हत्ती'.

हे इंजिन रस्त्यासाठी बनलेलंच नव्हतं. फेब्रुवारी १९६४ मध्ये डेटोना ५०० या शर्यतीत ते उतरलं आणि पहिले तीन क्रमांक हेमीच्या गाड्यांनी नेले. रिचर्ड पेटी पहिला आला. पुढच्या वर्षी शर्यतीच्या आयोजकांनी नियम केला, की जे इंजिन सामान्य गिऱ्हाइकाला विकत मिळत नाही ते इथे चालणार नाही. म्हणून क्रायसलरने १९६६ पासून ते गिऱ्हाइकाला विकायला सुरुवात केली. शर्यतीचा घोडा टांग्याला जुंपला, म्हणा ना!

आता १९७० ची हेमी चॅलेंजर डोळ्यांसमोर आणा. समोर चार दिवे, लांबलचक बॉनेट, त्याखाली दोन मोठे कार्ब्युरेटर. वजन पावणेदोन टनांच्या आसपास. मागे ट्रकसारखे पाटे. चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुढचे डिस्क ब्रेक हवे असतील तर जादा पैसे मोजा. टायर आजच्या मानाने अगदीच अरुंद आणि जुन्या पद्धतीचे. त्या काळच्या चाचण्यांत ही गाडी पाव मैल, म्हणजे साधारण ४०० मीटर अंतर, उभ्या जागेवरून १४ सेकंदांच्या आसपास कापत असे आणि शेवटी तिचा वेग ताशी १६५ किलोमीटरच्या घरात असे. १९७० मध्ये हे भयंकरच होतं. थांबायचं कसं, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा.

आणि अशा गाड्या किती विकल्या गेल्या? त्या वर्षी चॅलेंजर पंच्याहत्तर हजारांहून जास्त खपल्या. त्यात हेमीच्या साडेतीनशेच्या आसपास. हे लक्षात ठेवा. आज सिनेमातून, पोस्टरवरून असं वाटतं की प्रत्येक अमेरिकन पोरगा हेमी उडवत होता. प्रत्यक्षात बहुतेकांनी साधी इंजिनं घेतली. कारण हेमी महाग होती, सतत ट्यूनिंग मागायची, पेट्रोल पाण्यासारखं प्यायची. दंतकथा साडेतीनशे गाड्यांची झाली आणि ती जगली बाकीच्या सत्तर-पंच्याहत्तर हजारांच्या जिवावर.

पहिल्या ४२५ ची मोजणी

आता आपल्या आकड्याकडे येऊ. १९७० चा ४२५ मोजला कसा? इंजिन गाडीतून वेगळं, चाचणीच्या स्टँडवर. एअर क्लीनर काढलेला. सायलेन्सर नाही, धूर जायला खास मोकळे पाइप. अल्टरनेटरसारखी जी यंत्रं इंजिनाचीच ताकद खातात, तीही काढून ठेवलेली. या पद्धतीला 'ग्रॉस' मोजणी म्हणत. म्हणजे पैलवानाचं वजन करताना त्याला उपाशी ठेवायचं की पोटभर जेवू घालायचं, हे ज्याने त्याने ठरवायचं!

१९७१ मध्ये क्रायसलरने दोन्ही आकडे छापले. ग्रॉस ४२५. आणि 'नेट', म्हणजे गाडीत बसवल्यावर सगळं सामान जोडून, ३५०. इंजिन तेच. १९७२ पासून सगळ्या अमेरिकन कंपन्या नेट आकडाच द्यायला लागल्या. म्हणून जुन्या कागदांवरून ताकदीची तुलना करणाऱ्याने आधी साल बघावं. २००८ च्या चॅलेंजरचा ४२५ हा नेट आहे. म्हणजे खरी तुलना ३५० विरुद्ध ४२५ अशी झाली, आणि तीही ७ लिटरऐवजी ६.१ लिटरच्या इंजिनात.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात एक धडा आहे. बिघा, मण, खंडी यांची मापं गावागणिक बदलत, हे आपण जुनी दप्तरं वाचताना पदोपदी अनुभवतो. आकडा तसाच राहतो, माप बदलतं, आणि वाचणारा फसतो.

गाडी कुणी बांधली, कुणी चालवली

चॅलेंजर मुख्यतः बांधली गेली ती मिशिगनमधल्या हॅमट्रॅमॅकच्या कारखान्यात. लोक त्याला 'डॉज मेन' म्हणत. डेट्रॉइट शहराने जवळजवळ चारही बाजूंनी वेढलेल्या भागातला हा अवाढव्य कारखाना. तिथे कृष्णवर्णीय कामगार मोठ्या संख्येने होते. सर्वांत जड आणि धोक्याची कामं त्यांच्या वाट्याला आणि फोरमन मात्र बहुतेक गोरे. मे १९६८ मध्ये असेंब्ली लाइनचा वेग वाढवल्यावरून तिथे संप झाला. युनियनची परवानगी न घेता केलेला संप. शिक्षा झाली ती मुख्यतः कृष्णवर्णीय कामगारांना. त्यातून एक संघटना उभी राहिली, 'डॉज रिव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट', संक्षेपाने 'ड्रम'.

म्हणजे बघा, जाहिरातीत वेग विकला जात होता आणि कारखान्यात त्याच वेगाविरुद्ध माणसं काम बंद करून बाहेर पडत होती. मसल कारच्या चकचकीत पुस्तकांत हे प्रकरण सहसा येत नाही. पण त्या गाडीचा इतिहास तिथूनही जातो.

आणि एक गोष्ट चालवणाऱ्याची. डेट्रॉइट पोलीस दलात मोटरसायकलवर गस्त घालणारा एक कृष्णवर्णीय पोलीस होता, पूर्वी लष्करात पॅराट्रूपर राहिलेला. त्याने काळ्या रंगाची हेमी चॅलेंजर मागवली. छताला मगरीच्या कातड्यासारखं दिसणारं आवरण. दिवसा हा गृहस्थ वाहतुकीचे नियम पाळायला लावणार आणि रात्री शहराबाहेरच्या हमरस्त्यांवर येऊन शर्यती जिंकून जाणार! जिंकला की पसार, मग कितीतरी दिवस पत्ता नाही. नोकरी जाईल म्हणून कुणाला नाव सांगायचा नाही. लोकांनी गाडीला नाव दिलं 'ब्लॅक घोस्ट', काळं भूत. पुढे गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवली गेली, ती दशकंच्या दशकं. त्याने ती विकली नाही. २०१५ मध्ये तो गेला, जाताना गाडी मुलाच्या नावावर करून गेला. २०२० मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत ती दाखल झाली. २०२३ मध्ये लिलावात तिला दहा लाख डॉलरच्या आसपास किंमत आली. त्याच सुमारास कंपनीने नव्या चॅलेंजरची 'ब्लॅक घोस्ट' नावाचीच एक आवृत्ती काढली, ३०० गाड्यांची, ८०७ हॉर्सपॉवरची.

म्हणजे ज्याला आपलं नाव लपवावं लागलं, त्याच्या लपण्याचंच पुढे ब्रँड-नाव झालं. यात कंपनीची कृतज्ञता किती आणि व्यापार किती, हे तुम्ही ठरवा. मला वाटतं दोन्ही आहे.

मारेकरी कोण?

अमेरिकेत सर्वसाधारण समज असा, की सरकारने मसल कार मारली. ते अर्धं खरं आहे. क्रम नीट लावू.

पहिला घाव विमा कंपन्यांचा. पंचविशीच्या आतला मुलगा आणि चारशे हॉर्सपॉवरची गाडी, हे गणित त्यांनी केव्हाच मांडलं होतं. जादा हप्ते लागू झाले आणि अनेकांना गाडीपेक्षा विमा जड झाला. विमा कंपन्या भावनेवर चालत नाहीत. १९७० साली अमेरिकेच्या रस्त्यांवर बावन्न हजारांहून जास्त माणसं मेली. वाहनांनी कापलेल्या दर दहा कोटी मैलांमागे पावणेपाचच्या आसपास मृत्यू. सगळे काही मसल कारमुळे नाहीत, उघड आहे. पण ड्रम ब्रेक आणि हेमी यांची जोडी लावणारा देश सुरक्षिततेकडे कसा बघत होता, हे त्यातून दिसतंच.

दुसरा घाव हवेच्या कायद्याचा. ३१ डिसेंबर १९७० रोजी निक्सन यांनी क्लीन एअर ॲक्टवर सही केली. गाडीच्या धुरातले घातक वायू काही वर्षांत नव्वद टक्क्यांनी कमी करा, असा हुकूम. त्यासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागणार, कन्व्हर्टरला शिसं चालत नाही, म्हणून शिसंविरहित पेट्रोल. आणि शिसं काढलं की इंजिनातला दाब कमी ठेवावा लागतो. हेमी १९७१ नंतर गेलीच. १९७२ च्या चॅलेंजरमध्ये सर्वांत मोठं इंजिन नेट २४० हॉर्सपॉवरचं होतं.

तिसरा घाव ऑक्टोबर १९७३ चा, अरब देशांच्या तेलबंदीचा. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. एप्रिल १९७४ मध्ये शेवटची चॅलेंजर बाहेर पडली. पाच मॉडेल-वर्षांत मिळून सुमारे १ लाख ६५ हजार गाड्या. डॉज मेन कारखाना १९८० मध्ये बंद झाला. मधल्या काळात कंपनीने एका छोट्या मित्सुबिशी गाडीला चॅलेंजर नाव लावून बघितलं. ते विसरलेलंच बरं.

वारसदार

२००६ च्या डेट्रॉइट प्रदर्शनात नव्या चॅलेंजरचा नमुना लोकांसमोर आला आणि २००८ मध्ये गाडी विक्रीला आली. चेहरा १९७० चा. खालचा सांगाडा मात्र डेमलर-क्रायसलर काळातला, मर्सिडीजकडून आलेल्या काही भागांसह. बांधणी कॅनडात, ऑन्टारिओतल्या ब्रॅम्प्टनला. लगेच २००९ मध्ये क्रायसलर दिवाळखोरीत गेली, सरकारी मदतीने वाचली आणि इटलीच्या फियाटच्या हाती आली.

२०१४ मध्ये, २०१५ चं मॉडेल म्हणून, 'हेलकॅट' जाहीर झाली. ६.२ लिटर, वर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंप. ७०७ हॉर्सपॉवर, नेट! नुसता तो पंप फिरवायलाच ८० हॉर्सपॉवर लागते. म्हणजे पंपाचा खर्चच दोन जुन्या फियाटींएवढा. गाडीबरोबर दोन किल्ल्या. काळ्या किल्लीने इंजिन ५०० वर थांबतं, लाल किल्लीने पूर्ण ताकद. मुलाला गाडी द्यायची असेल तर काळी किल्ली द्या!

आता शेजारी शेजारी ठेवू. पाव मैल : जुनी १४ सेकंदांच्या आसपास, नवी साध्या टायरवर ११.२. हे तीन सेकंद म्हणजे शर्यतीत पार क्षितिजापलीकडे. एका लिटरमागे ताकद : जुनी ५०, नवी ११४. वजन : नवी दोन टनांची, जुनीपेक्षा अडीचशे किलोच्या आसपास जड. ब्रेक : जुनीला ड्रम, नवीला पुढे ३९० मिलिमीटरच्या डिस्क. इंधन : हेलकॅट शहरात लिटरला साडेपाच किलोमीटर आणि हमरस्त्यावर नऊच्या वर देते, सरकारी चाचणीप्रमाणे. भारतीय कानांना हे भीषण वाटेल. पण हजारात सातशे घोडे पोसून जुन्या हेमीपेक्षा कमी खाणारी आणि कितीतरी कमी धूर सोडणारी ही गाडी आहे.

हे कशामुळे शक्य झालं? इथे माझा मुख्य मुद्दा येतो. ज्या कायद्याने जुनी गाडी मारली म्हणतात, त्याच कायद्याने नवी जन्माला घातली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हवा आणि इंधनाचं प्रमाण अगदी नेमकं लागतं. कार्ब्युरेटरला ते जमेना. म्हणून धुरातला ऑक्सिजन मोजणारे सेन्सर आले, इंधन मोजून फवारणारे इंजेक्टर आले, क्षणाक्षणाला हिशेब करणारा कॉम्प्युटर आला. हे सगळं मुळात धूर कमी करायला आलं. पण एकदा इंजिनाला डोळे आणि मेंदू मिळाल्यावर त्याच्याकडून सातशे घोड्यांचं कामही सुरक्षितपणे घेता येतं, हे इंजिनिअरांच्या लक्षात आलं. १९७० मध्ये या ताकदीचं इंजिन रोजच्या गाडीत कुणी घातलं असतं, तर ते ट्रॅफिकमध्ये गरम होऊन बंद पडलं असतं किंवा आतून फुटलं असतं. सत्तरीतल्या इंजिनिअरांनी शिव्या घातल्या त्या नियमांच्या शाळेत त्यांचे शिष्य शिकले.

मग काय हरवलं?

किंमत बघू. १९७० मध्ये चॅलेंजर आर/टी हेमी इंजिनासह चार हजार डॉलरच्या आसपास. तेव्हा मध्यम अमेरिकन कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न सुमारे ९,९०० डॉलर. म्हणजे पाच महिन्यांची कमाई. २०१५ ची हेलकॅट ६० हजार डॉलर. मध्यम कुटुंबाचं उत्पन्न तेव्हा ७० हजारांच्या थोडं वर. म्हणजे दहा महिन्यांची कमाई. कारखान्यातल्या पोराची गाडी आता पन्नाशी उलटलेल्या, मुलं मार्गी लागलेल्या माणसाची झाली.

पण थांबा, इथे घाईने निष्कर्ष काढू नका. त्याच पाच महिन्यांच्या कमाईत २०१५ मध्ये काय मिळत होतं? सहा सिलिंडरची साधी चॅलेंजर, २७ हजार डॉलरची, नेट ३०५ हॉर्सपॉवरची. जुन्या हेमीच्या नेट ३५० पेक्षा फार मागे नाही. वर चांगले ब्रेक, एअरबॅग, पावसातही घसरू न देणारी यंत्रणा. म्हणजे ताकद गरिबाकडून हिरावली गेली, असं म्हणता येत नाही. ताकद स्वस्तच झाली. महाग झाली ती सर्वांत पुढे असण्याची गोष्ट.

आणि २०१५ मध्ये अमेरिकेत रस्त्यावरचे मृत्यू पस्तीस हजारांवर आले होते. दर दहा कोटी मैलांमागे सव्वाच्याही आत. तेव्हा "जुनं ते सोनं" म्हणणाऱ्याने हा आकडाही शेजारी ठेवावा. माझं प्रामाणिक मत विचाराल, तर घरातल्या मुलाला मी नवी गाडी देईन. काळ्या किल्लीसह.

तरी जुन्या गाडीत एक गोष्ट होती जी नव्यात असू शकत नाही. जुनी कुणाची आठवण नव्हती. ती त्या वर्षीची, त्या पिढीची नवी कोरी गाडी होती, तिला पूर्वज नव्हता. नवीचा सगळा चेहरा मागे वळून बघणारा आहे. डिझाइनवाल्यांनी १९७० समोर ठेवून ती रेखाटली. दोन्ही गाड्या वेगवान आहेत, पण जुनी "आता काय होणार?" असं विचारत होती आणि नवी "आठवतंय का?" असं विचारते.

तिचाही शेवट झाला. २०२३ ची डीमन १७० इथेनॉल मिसळलेल्या इंधनावर १,०२५ हॉर्सपॉवर देणारी, पाव मैल ८.९१ सेकंदांत. आणि २२ डिसेंबर २०२३ रोजी ब्रॅम्प्टनला शेवटची चॅलेंजर लाइनवरून उतरली. या वेळीही कारण हवेचे नियम आणि इंधनाचे दंड. २०१६ च्या मॉडेलांसाठीच कंपनीने ७.७ कोटी डॉलर दंड भरला होता. डॉजने नंतर विजेची चार्जर डेटोना काढली, ६७० हॉर्सपॉवरपर्यंतची, आणि तिला जुन्या इंजिनासारखा आवाज काढणारी यंत्रणा बसवली. आवाज जो पूर्वी कामाचा उरलेला चोथा होता, तो आता मुद्दाम बनवावा लागतो. यावर मी अधिक बोलत नाही.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न : सर, आपल्याकडे यातलं काहीच पोचलं नाही का?*

पोचलं, पण वेगळ्या वाटेने. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. करार क्रायसलरशी. १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो, प्लायमाउथ गाड्या जुळवल्या जात. पुढे त्याच कारखान्याने फियाटशी करार केला आणि आपल्या काळी-पिवळी टॅक्सीची वंशावळ तिथून आली. कुर्ल्याने ज्या दोन कंपन्यांशी करार केले, त्या दोन्ही २०१४ मध्ये एकत्र आल्या आणि त्याच वर्षी हेलकॅट आली. आमच्या लहानपणच्या फियाटला चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर होती. तिने चार माणसं, दोन ट्रंका आणि आंब्याची पेटी घेऊन खंडाळ्याचा घाट चढायचा. तीही एक शर्यतच होती.

*प्रश्न : शिसंविरहित पेट्रोल भारतात कधी आलं?*

एप्रिल १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत, कन्व्हर्टर असलेल्या नव्या गाड्यांसाठी. २००० मध्ये देशभर. अमेरिकेने तो निर्णय घेतला तेव्हा लोक म्हणाले, गाड्यांचा आनंद गेला. शिसं लहान मुलांच्या मेंदूला काय करतं, ते आज सगळ्यांना माहीत आहे. आनंदाची किंमत कोण भरतं, हे विचारल्याशिवाय मोटारीचा इतिहास पुरा होत नाही.

*प्रश्न : विमा कंपन्यांना हेलकॅटबद्दल तक्रार नाही?*

आहे तर! फक्त तक्रार बदलली. १९७० मध्ये त्यांना भीती होती, की मालक गाडी आपटेल. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या विमा-आकडेवारीत हेलकॅट इंजिनाची चार्जर, म्हणजे चॅलेंजरची चार दारांची बहीण, चोरीच्या दाव्यांत सर्वांत वर होती. सरासरी गाडीच्या साठपट! आता त्यांना भीती आहे, की मालकाला आपटायला गाडी शिल्लकच राहणार नाही.